तराजूखालचा खण

सरदारच्या पेटंटच्या अर्जाला एका मोठ्या कंपनीने हरकत घेतली होती. असली गोष्ट कोणालाही सुचली असती, एवढंच तिचं म्हणणं. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेतल्या नंदाबाईंचं मत पेटंट कार्यालयापुढे ठेवायचं, हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं.

आंबी गावात सरदारचा उपकरणांचा लहानसा कारखाना होता. त्याने रासायनिक तराजूच्या काचपेटीखाली खण बसवला होता. त्यात ओल शोषणारे खडे ठेवायचे. ते भिजले की मधलं झाकण सरकवून खालूनच बदलायचे. पेटी उघडावी लागत नाही, पावसाळी हवा आत शिरत नाही. पेटंट नाकारलं गेलं तर कंपनी तोच खण आपल्या तराजूंना लावणार आणि सरदारच्या कारखान्याला टाळं लागणार.

जुलैत तो आणि कंपनीचे वकील बाईंसमोर बसले.

"खण जुना, सरकतं झाकणही जुनं," बाई म्हणाल्या. "यात शोध कुठला? मला तर वाचताक्षणीच कळलं."

"वाचल्यावर कळतंच, बाई," सरदार म्हणाला. "माझ्या सासऱ्यांनाही कळलं. त्यांचं विड्यांचं दुकान आहे."

वकील हसले. तेवढ्यात प्रयोगशाळेत झाडलोट करणारी धोंडाबाई दारात आली.

"बाई, वजनाच्या खोलीत शेगडी पेटीवली. खोली सुकली की निखारं भाईर काढते. निवल्यावर या."

"शेगडी कशाला, मावशी?" सरदारने विचारलं.

"पावसाळाभर रोजच असती. न्हाईतर खडं बदलाया पेटी उघडली की काटा जागंवर ऱ्हात न्हाई. बाईंनीच शिकीवलंय."

"कधीपासून?"

"मी आल्यापासनं. लय वर्सं झाली."

सरदार आता टोमणा मारेल म्हणून बाई थांबल्या. तो चहाच्या कपात बघत राहिला. बाईंचे कान तापले. ती शेगडी बाई नव्या विद्यार्थ्यांना कौतुकाने दाखवत असत.

"तर मत तेच ना?" वकिलांनी विचारलं.

"नाही." बाईंचा आवाज खाली गेला. "अडचण रोज माझ्यासमोर होती. खडे माझ्याच कपाटात होते. मला सुचलं नाही. असंच लिहून देते."

"बाई, तुमच्या नावाला बरं दिसेल का?"

"नाही दिसणार."

धोंडाबाई अजून दारातच होती. बाईंनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"एक तराजू पाठवून देऊ?" सरदारने हळूच विचारलं.

"आत्ता नको. निकाल लागल्यावर विकत घेईन," बाई म्हणाल्या आणि लिहायला कागद पुढे ओढला.