सातव्या पानावरचा निरोप

मित्रांनो, मी बोलावे की नाही, हेच मला अजून कळत नाही. मी एक जुना, कातडी पाठीचा खंड आहे. ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावच्या साप्ताहिकाचे १९४९ सालचे सगळे अंक माझ्यात शिवलेले आहेत. पण माझ्या पोटात काय छापले आहे, ते मलाच ठाऊक नसते. कुणी पान उघडून वाचून दाखवले, तरच समजते.

सुरुवातीला माणसे मला आवडीने चाळत. मग मी वाचनालयाच्या कपाटात मागे सरकत गेलो. वाळवीने माझा एक कोपरा खाल्ला. काही वर्षांपूर्वी मला ॲडलेडला नेऊन माझ्या पानापानाचे फोटो काढले, ते फुकटच्या डिजिटल ग्रंथालयात ठेवले आणि मला परत कपाटात आणले. आता जगात कुणीही मला वाचू शकेल, असे म्हणाले. मला खरे वाटले नाही.

मर्ल पास्को ब्याऐंशी वर्षांची. चार वर्षांची असताना आई वारली, असे वडिलांनी तिला सांगितले होते. कुठे पुरले, ते सांगितले नव्हते. आईच्या थडग्यावर दगड बसवायचा, एवढी एकच इच्छा धरून ती अकरा वर्षे माझ्या शेजारच्या संगणकावर शोधत होती. आईचे नाव टाकायची, ईडिथ पास्को. काहीच सापडत नसे.

तिची मैत्रीण ग्लेनिस तिथेच बसून, पानांच्या फोटोंवरून यंत्राने चुकीच्या पद्धतीने वाचलेल्या ओळी फुकट दुरुस्त करी. एके दिवशी तिने मर्लच्या पडद्यावर नजर टाकली.

“अगं बये, ईडिथ काय शोधतेस? तेव्हा लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं नाव कुठे छापायचे? नवऱ्याच्या नावानं शोध. मिसेस क्लॅरेन्स पास्को.”

“अकरा वर्षांनी सांगतेस होय गं!”

“अकरा वर्षांत एकदा तरी विचारलंस का?”

मर्लने नाव टाकले, पडद्यावर १९४९ चा अंक आला आणि तिचा चहा सांडला. ग्लेनिसने घाईघाईने मला कपाटातून ओढून सातवे पान उघडले. मुलांच्या वाढदिवसांचे सदर होते. मर्लने वाचले:

“मर्लला सहाव्या वाढदिवसाचे आशीर्वाद. मी पोर्ट पिरीला आहे. मला पत्र लिही. तुझी आई, मिसेस क्लॅरेन्स पास्को.”

मी हादरलो. मेलेली बाई दोन वर्षांनी पत्र मागत होती, आणि ते माझ्याच पोटात होते!

“आमच्या घरच्या पेपरात या पानाला भोक असायचं,” मर्ल म्हणाली. “बाबा घोड्यांच्या शर्यतीचे निकाल कापून घ्यायचे. मी त्या भोकातून मांजराकडे बघायचे.”

“शर्यती दुसऱ्या पानावर असायच्या, मर्ल,” ग्लेनिस हळूच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत माझ्या धाकट्या भावंडांत आणखी तीन निरोप निघाले. १९५३ च्या खंडात तिच्या आईच्या मृत्यूची बातमी होती. पोर्ट पिरीचे कब्रस्तान. दगडाची जागा सापडली. पण मर्लने पुन्हा माझे सातवे पान उघडले.

“ती वाट बघत होती गं,” एवढेच म्हणाली.

मित्रांनो, सात वर्षांची मर्ल दर शनिवारी गोष्टीचे पुस्तक न्यायला माझ्यासमोर उभी राहायची. मी दोन हातांवर होतो. म्हणून विनवतो, आम्हाला रद्दीत घालू नका, आमचा तुकडाही कापू नका. डिजिटल ग्रंथालयात जरूर शोधा. पण माणसे आहेत तोवर त्यांनाही विचारा. मर्लचे वडील पुढे एकतीस वर्षे तिच्यासमोर बसून चहा पीत होते. दुखावतील म्हणून तिने आईबद्दल कधी विचारलेच नाही.