अर्धी बादली

धान निसवायला लागलं तरी सातवीचा श्वसनाचा धडा मी घेतला नव्हता. त्याच्या पुढचे धडे आधी शिकवून झाले. उर्वशी नावाच्या मुलीने कारण विचारलं, तेव्हा वर्गात दाखवायला मासोळी मिळत नाही असं मी सांगून टाकलं. आमच्या गावाला मोठा तलाव आहे आणि माझा सख्खा भाऊ त्यात जाळं टाकतो. पोरं एकमेकांकडे बघून हसली.

खरं कारण खिडकीजवळच्या बाकावर बसलं होतं. माझी मुलगी प्रेरणा त्याच वर्गात आहे.

तिची आई भागीरथा माघात गेली. फुफ्फुसं हळूहळू घट्ट होत जाण्याचा आजार होता. भंडारा झालं, नागपूर झालं, शेवटी ऑक्सिजनचं यंत्र घेऊन आम्ही तिला घरी आणलं. प्रेरणा शाळेतून आली की आईच्या पाठीवर हात ठेवून बसायची. भेटायला येणाऱ्या बायका तिला सांगून जायच्या, आईकडे लक्ष ठेव. ती ठेवत होती. एका दुपारी ती माझ्यासाठी चहा मांडायला उठली आणि चहा उकळायच्या आत भागीरथा गेली.

तेव्हापासून पोरीच्या डोक्यात बसलं की लक्ष हटलं की श्वास थांबतो. तिने मला हे सांगितलं नाही, मला दिसत गेलं. घास हातात धरून थांबायची, मोठा श्वास ओढायची, मग घास तोंडात घालायची. गणित सोडवताना पेन मधेच थांबायचं, हात पोटावर जायचा आणि ओठ हलायचे. श्वास मोजायची. डोळा लागायला आला की दचकून उठायची. मी आडवा झालो की माझ्या नाकापुढे हात धरायची. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली, तेव्हा मी तिला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, छाती स्वच्छ आहे, मनातलं आहे, हळूहळू जाईल. ते काही जात नव्हतं. पोरगी वाळत चालली होती. श्वास आपोआप चालतो, असं मी तिला किती वेळा समजावलं. ती मान हलवायची आणि मान हलवतानाच श्वास ओढायची.

हा धडा शिकवताना दरवर्षी मी पोरांना छातीवर हात ठेवायला सांगतो. यंदा तसं सांगितलं तर ही वर्गातच पडेल, अशी मला भीती होती. नाही शिकवलं तर का नाही शिकवलं, हे तिला कळणारच होतं.

शेवटी मी माशापासून सुरुवात करायचं ठरवलं. भावाकडे, गोपीचंददादाकडे गेलो. त्याने जाळ्यातली जिवंत मरळ काढून माझ्या बादलीत टाकली आणि प्रेरणाची चौकशी केली. मी तसंच आहे म्हणालो.

"तू मास्तर होस ना?" तो म्हणाला. "गावाच्या पोरायले शिकवतेस. मंग घरच्या पोरीले काहून नाही शिकवून राहिला?"

बादली सायकलला अडकवली आणि निघालो.

मरळीच्या बादलीत पाणी अर्धंच ठेवतात. अड्याळच्या बाजारात आमच्या मासेमार ढिवर समाजाच्या बायका तिला गंजात थोडं पाणी घालून, वर ओलं फडकं सैल टाकून विकायला बसतात. मरळीला कल्ले असतात, पण तेवढ्यावर तिचं भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्यात, तिला दोन पोकळ्या असतात. ती वर येते, तोंडाने हवा घेते, ती हवा तिथे भरते. म्हणून उन्हाळ्यात तलाव आटला तरी ती चिखलात जगते. पण तिला वर येऊ दिलं नाही, तर मरळ पाण्यात बुडून मरते. हे वाक्य मी दरवर्षी शेवटी सांगतो. आधी बादली मागच्या व्हरांड्यात ठेवतो, फळ्यावर लिहितो, "बादली अर्धी का?" आणि उत्तर जेवणाच्या सुट्टीनंतर. तोवर पोरं भांडतात, तर्क करतात. मग सांगितलेलं डोक्यात राहतं.

प्रेरणाला हे माहीत नव्हतं. मी नोकरीला लागल्यापासून आमच्या घरी मासोळी साफ होऊनच येते.

यंदाही तसंच केलं, पण त्या दिवशी सुट्टीत मुख्याध्यापकांनी मला कॉम्प्युटरवर माहिती भरायला बसवलं. नेट चालत नव्हतं. सुट्टी संपून गेली तरी मी तिथेच होतो. परत आलो तर सगळा वर्ग व्हरांड्यात उभा होता. बादली काठोकाठ भरलेली. तिच्यावर खिचडीच्या गंजाचं झाकण, झाकणावर वीट. प्रेरणा खाली बसली होती आणि तिचा तळहात बादलीला टेकलेला होता. आईच्या पाठीला टेकायचा तसाच.

शाळेत ती मला सर म्हणते. म्हणाली, "सर, पाणी कमी पडून राहिलं होतं तिले. घडीघडी वर येऊन तोंड उघडे. जीव घाबरला होता तिचा. म्हणून मी बोअरिंगचं पाणी आणून भरलं."

झाकण मांजर आलं म्हणून ठेवलं होतं. उर्वशी म्हणाली, मी नको म्हटलं होतं, पण सरच्या पोरीपुढे आमचं कोण ऐकते.

मी वीट काढली, झाकण काढलं. मरळ तळाला आडवी पडली होती. पोटाची पांढरी बाजू दिसत होती.

फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं. मी बादली तिरपी केली. पाणी व्हरांड्यातून अंगणात गेलं. अर्धं राहिलं तेव्हा बादली सरळ केली, मासोळीच्या पोटाखाली हात घातला आणि तिचं तोंड पाण्याच्या वर धरलं. खिचडी शिजवणाऱ्या पार्वताबाई पदराला हात पुसत आल्या. त्या आमच्याच ढिवर समाजातल्या. बघताच त्यांना सगळं कळलं. त्या बोलणार होत्या, मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या गप्प राहिल्या.

प्रेरणा म्हणाली, "मी हात नाही काढला. पाणी भरल्यापासून ठेवूनच होती."

तिचा आवाज बारीक झाला होता. ती वरवर श्वास घेत होती, हात पोटाकडे चालला होता. ही मासोळी मेली तर या पोरीला मी पुन्हा कधी काही समजावू शकणार नाही, एवढंच मला कळत होतं.

"हात ठेवून होत नाही, पोरी," मी म्हणालो. "लक्ष ठेवूनही होत नाही. तिच्या डोक्यात हवेची जागा आहे. तिले वर यायले वाट पायजे होती. ते मी सांगून गेलो नाही. चूक माझी आहे."

मग मी हात काढून घेतला. मरळ हळूहळू तळाला गेली. आम्ही बघत राहिलो. कल्ल्यावरचं झाकण थोडं हललं की मला तसं वाटलं, मला सांगता येत नव्हतं. पलीकडे सहावीच्या वर्गात पाढे चालले होते. मला वाटलं, आता पोरांना आत पाठवावं, प्रेरणाला घरी न्यावं. तेवढ्यात शेपटीचं टोक हललं. मासोळी सरळ झाली, पुन्हा कलंडली, पुन्हा सरळ झाली. खूप वेळ तशीच थांबली. मग वर आली, तोंड उघडलं, हवा घेतली आणि खाली गेली.

"उत्तर द्यायलेच आली," उर्वशी म्हणाली. पोरं हसली.

मी हसलो नाही. एकदा वर आल्याने काही होत नाही. आम्ही वाट पाहिली. ती पुन्हा आली. मग थोड्या वेळाने पुन्हा.

तेव्हा कुठे मी प्रेरणाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात बादलीच्या काठावर होते. मान वाकवून ती पाण्यात बघत होती आणि तिची पाठ वरखाली होत होती. सारखी, सावकाश. मी बोललो नाही. बोललो तर थांबेल, अशी मला भीती वाटली.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"बाबा," ती म्हणाली. वर्गासमोर ती असं कधी म्हणत नाही. "मी मोजून नव्हती राहिली."

"कधीपासून?"

"माहीत नाही."

तिचा हात पोटावर गेला. थोडा वेळ तिथे राहिला. मग तिने तो काढला आणि पुन्हा बादलीच्या काठावर ठेवला.

पार्वताबाई आपलं झाकण घेऊन गेल्या. मी पोरांना आत बसवलं, बादली टेबलाजवळ ठेवली आणि बादली अर्धी का, ते सांगितलं. नंतर फळ्यावर माणसाची फुफ्फुसं काढली, त्यांच्या खाली श्वासपटलाचा पडदा काढला, आणि हा पडदा झोपेतही काम करतो हे सांगितलं. छातीवर हात ठेवा, असं मात्र त्या दिवशी म्हटलं नाही. वळून पाहिलं तर प्रेरणा चित्र उतरवून घेत होती. पेन एकदा थांबलं. मी खडू धरून तसाच उभा राहिलो. मग ते पुन्हा चालू झालं.