खालच्या वस्तीचं प्रोटेक्शन

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर खालच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं बंद केलं आणि गावानं वस्तीशी बोलणं. हिवाळा कसाबसा निघाला. चैत्र लागताच नाल्यातला झिरा आटला, तेव्हा गोविंदा आणि त्याची बायको मथुरा घागर घेऊन गावच्या विहिरीवर गेली. कायद्यानं ती सगळ्यांची आहे, एवढं त्यांना माहीत होतं. घागर अर्धी भरली नाही तोच पारावरून दगड आला आणि गोविंदाच्या कानावर बसला. मथुरानं त्याला खांद्याचा आधार देत घरी आणलं. घागर तिथंच राहिली.

गोविंदाचा थोरला भाऊ देवराव चौथीपर्यंत शिकलेला होता. दुसऱ्या दिवशी तो केळापूरच्या वाटेनं पायी पांढरकवड्याला गेला, पोलिसांच्या दारात दिवसभर बसला आणि दिवे लागायच्या वेळेला एक शब्द घेऊन परतला.

"आपल्याले प्रोटेक्शन भेटलं," तो म्हणाला.

मथुराची सासू इंदूबाई तापानं पडून होती. तिनं विचारलं, ते खायचं असते का प्यायचं. देवरावनं समजावलं, प्रोटेक्शन म्हणजे रक्षण. आता सरकारचा माणूस आपल्या पाठीशी उभा राहणार.

सरकारचा माणूस म्हणजे शंकरसिंग शिपाई. दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा, अंगानं दणकट, बोलायला मऊ. त्याचा मुक्काम चावडीवर आणि जेवण पाटलाच्या घरी असे. सकाळी तो विहिरीजवळ काठी टेकून उभा राही आणि वस्तीतल्या बाया पाणी भरून घेत. पारावरची माणसं तोंड फिरवून बसत, पण दगड येत नसे.

शब्द वस्तीत रुळला. शंकरसिंग दिसला की बाया घागरी उचलत आणि म्हणत, चला, प्रोटेक्शन आलं. त्याला उशीर झाला तर प्रोटेक्शन अजून जेवूनच राह्यलं असन. एकीनं तर आपल्या भांडखोर जावेला सुनावलं, की मले तुह्यापासूनच प्रोटेक्शन पायजे. त्यावर सगळ्या हसल्या. मथुराला काही हसू आलं नाही. गोविंदाच्या कानातून अजून पू वाहत होता आणि कोणी बोललं की तो दुसरा कान पुढं करत होता.

मग हनुमान जयंतीच्या तोंडावर बातमी उठली, की जत्रेला आजूबाजूच्या गावांतली माणसं जमणार आणि वस्तीला आग लावणार. फौजदार जीप घेऊन आले. पाटलाच्या ओट्यावर त्यांचा चहा झाला. मग जीप वस्तीच्या तोंडाशी थांबली. खाली न उतरताच त्यांनी देवरावला सांगितलं, वातावरण तापलं आहे, निवेपर्यंत कोणी वस्तीबाहेर पाऊल टाकायचं नाही. विहिरीवर नाही, शेतावरही नाही. हे तुमच्याच प्रोटेक्शनसाठी. देवरावनं पाण्याचं विचारलं. व्यवस्था होईल, असं म्हणून ते निघून गेले.

त्या दिवशी पाणी आलं नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. शंकरसिंग आता वस्तीच्या तोंडाशी बसू लागला. पाठ गावाकडं आणि तोंड वस्तीकडं.

तिसऱ्या सकाळी इंदूबाईचा ताप चढला. ओठ फुटले, जीभ कोरडी पडली. रांजणाच्या तळाशी गाळ होता, तो फडक्यातून गाळून मथुरानं तिला पाजला. शेजारच्या घरांतही तेवढाच गाळ होता. मथुरानं शेजारणीकडून घागर मागून घेतली आणि वस्तीच्या तोंडाशी आली. शंकरसिंग उठला. त्यानं काठी आडवी धरली.

"बाई, हुकूम नाई."

"माही सासू तापानं फणफणून राह्यली. घरात घोटभर पाणी नाई."

"समजते मले. पण तुमाले काई झालं तं माह्यावर येते."

"अन् ती मेली तं कोनावर येते?"

मथुरानं घागर कमरेवर घेतली आणि काठी हातानं बाजूला केली. त्याच्या हातात जोर होता. त्यानं धरून ठेवली असती तर ती हलली नसती. मथुरा पुढं निघाली. थोड्या वेळानं मागून बुटांचा आवाज आला. तो तिच्यामागून चालत होता.

विहिरीवर पाटलाचा पुतण्या होता. त्यानं शंकरसिंगला विचारलं, हा कोणाचा हुकूम. शंकरसिंग म्हणाला, "पानी भरू द्या." एवढंच. मथुराच्या हातून दोर दोनदा निसटला. पण तिनं घागर काठोकाठ भरली.

संध्याकाळी शंकरसिंगला पांढरकवड्याहून परत बोलावणं आलं. त्याच्या जागी कोणी आलं नाही. जत्रा झाली. आग लावायलाही कोणी आलं नाही. पण विहिरीवरचा पहारा गेला तो गेलाच.

देवराव पुन्हा पांढरकवड्याला निघाला. पुन्हा प्रोटेक्शन मागून आणतो म्हणाला. मथुरा आजवर थोरल्या दिरासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं दारातूनच सांगितलं, "भाऊजी, प्रोटेक्शन नोका मागू. इहीर मागा." देवराव उभाच राहिला. मग म्हणाला, अर्ज तसाच करतो.

तो गेल्यावर वस्तीतल्या बाया घागरी घेऊन निघाल्या. गोविंदा उठू लागला तेव्हा मथुरानं त्याला बसवलं. पुरुष आले की मारामारी होईल, मग दोष आपल्यावर येईल, असं तिचं म्हणणं होतं. त्या दिवशी दगड आले. एकीचा खांदा फुटला, दोन घागरी फुटल्या. उरलेल्या भरून आणल्या. दुसऱ्या दिवशी बाया परत गेल्या. वैशाखभर हेच चाललं. विहीर खुली झाली असं गावात कोणी म्हणालं नाही. एका सकाळी दगड आला नाही, पुढच्या सकाळीही आला नाही, एवढंच.

इंदूबाई वाचली. गोविंदाचा तो कान मात्र कायमचा गेला. देवरावच्या अर्जाचं काय झालं ते कळलं नाही. वस्तीला स्वतःची विहीर पुढं एकोणीसशे साठनंतर मिळाली आणि तिला पाणी कमीच लागलं. गावच्या विहिरीवर जाताना मथुरा पुढची कित्येक वर्षं पाराकडं पाठ करून कधी वाकली नाही. आधी तिकडं बघायची, मग दोर सोडायची.