दोन खुर्च्यांची घरपट्टी

छत्तीस सालची गोष्ट. लोणावळ्यात तुंगार्लीच्या वाटेवर रतनबाईचं दोन खणांचं घर होतं. नवरा रेल्वेत खलाशी होता, तो गेला. मागं हे घर आणि लीला नावाची लेक एवढंच उरलं. रतनबाई बंगल्यांतून स्वयंपाक करून पोट भरायची, पण नाकावर माशी बसू द्यायची नाही.

लीलाला बघायला कुरवंड्याहून पाहुणे यायचे ठरले आणि बाईची धांदल उडाली. घरात बसायला एक घोंगडी, आणि आरसा म्हणाल तर तळहाताएवढा! शेजारचा टांगेवाला चाँदभाई धावून आला. त्यानं आपल्या दोन्ही खुर्च्या आणून मांडल्या. त्याच्या बायकोनं, खतीजानं, भिंतीवरचं घड्याळ उतरवून दिलं. बजरंग न्हाव्यानं दुकानातला मोठा आरसा दिला. त्या दिवशी बजरंगनं गिऱ्हाइकांच्या दाढ्या आरशावाचून केल्या; कुणाच्या मिशा कुठं गेल्या ते विचारू नका.

पाहुणे आले. मुलाचा बाप भिमाजी काळ्या कोटात मोठा रुबाबदार दिसत होता. त्यांच्या मागोमाग काखेत वही घेतलेला एक टोपीवाला आत शिरला. रतनबाईला वाटलं, हा पाहुण्यांतला. पाहुण्यांना वाटलं, हा घरचा. त्याला खुर्ची मिळाली, पोहे मिळाले. खाता खाता त्यानं विचारलं, "हे सगळं तुमचंच का, बाई?"

आता पाहुण्यांदेखत बाई काय सांगणार? "व्हय तर! समदं आमचंच हाय," ती ठसक्यात म्हणाली.

तो नगरपालिकेचा घरपट्टीचा कारकून होता!

लग्न ठरलं. महिन्याभरात नोटीस आली, ती चाँदभाईनं वाचून दाखवली. घर उत्तम सजवलेलं, बंगल्यासारखं भाड्यानं देण्याजोगं. म्हणून घरपट्टी तिप्पट. तक्रार असेल तर कचेरीत येऊन सांगावी.

"मुडदा बशिवला त्याचा! माझेच पोहे खाऊन माझ्याच घरावर उठला!" रतनबाई कडाडली. मग मटकन खाली बसली. एवढी पट्टी भरायची तर घर विकायची पाळी येणार. आणि भर कचेरीत खरं सांगावं तर ते भिमाजीच्या कानावर जाणारच. खोटारडी म्हणून त्यानं सोयरीक मोडली, तर लीलाचं कसं व्हायचं?

"आक्का, बिनधास्त सांग. काय व्हत न्हाई," चाँदभाई म्हणाला.

"तुला काय जातंय रं सांगायला! लेक माझी हाय," ती खेकसली. तो नुसता हसला.

तक्रारीच्या दिवशी त्यानंच तिला टांग्यातून नेलं. कचेरीत पाऊल टाकते तो समोर बाकावर भिमाजी! लोणावळ्याच्या बाजारात त्याचं दुधाचं दुकान होतं, त्याची पट्टीही वाढली होती. रतनबाईला आल्या पावली परतावं असं वाटलं. पण खोट्यावर लेक किती दिवस नांदवायची? नाव पुकारलं, तशी ती उभी राहिली.

"सायेब, भिंती तेवढ्या माझ्या. खुर्च्या शेजाऱ्याच्या, घड्याळ त्याच्या बायकुचं, आरसा न्हाव्याचा. लेकीला बघायला आलते, म्हून मांडलं. सोयरीक मोडली तर मोडू द्या, पर घराची किंमत खरी लावा." आणि तिला रडूच फुटलं.

भिमाजी उठला. आज त्याच्या अंगात साधी बंडी होती.

"सायेब, बाईंचं लिवताय तर माझंबी लिवून घ्या. त्या दिशी माझ्या अंगातला कोट उसना हुता. त्यो बघा, दारात हुबा हाय, त्या चाँदभाईचा."

कचेरी खो खो हसली, कारकूनसुद्धा. रतनबाईनं वळून पाहिलं. चाँदभाई मान खाली घालून चाबकाशी चाळा करत होता. दोघांची झाकली मूठ त्यानं एकट्यानं सांभाळली होती, आणि वर तिची बोलणीही खाल्ली होती.

"तुला नाय नाय ते बोलले रं. तोंड जळो माझं," ती म्हणाली. "पाठीला भाऊ न्हाई म्हनून मी देवाला बोल लावत हुते. त्यानं शेजारच्या घरातच दिला हुता की!"

घरपट्टी पहिल्याइतकीच राहिली आणि लग्नाची तारीखही. मांडवात भिमाजी नुसत्या बंडीवर आला, रतनबाईनं त्याला घोंगडीवर बसवलं. काळा कोट चाँदभाईच्याच अंगात होता. मांडवात खुर्च्या दोनच होत्या, आणि रतनबाईनं हाताला धरून त्यांवर चाँदभाईला आणि खतीजाला बसवलं.