वाचकांची पत्रं नकोत

क्लिप नव्हतीच, तिचा गंज तेवढा होता... पिवळ्या पडलेल्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी, दुहेरी वळणाचा, आणि त्याच्याखाली एक फिकट चौकोन, बाकीच्या पानाहून उजळ – वर्षानुवर्षं दुसरा एखादा कागद याच्या अंगावर पडून राहिला असावा तसा. ग्लेंडा प्रुइटनं पट्टी लावली. साडेपाच बाय साडेआठ इंच. मोजायची गरज नव्हती. पण तीस वर्षं नॅशव्हिलच्या या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात दुसऱ्यांचे कागद मोजण्यात गेलेल्या बाईला स्वतःचा कागद नुसत्या नजरेनं ओळखणं पटत नाही. आई कुकव्हिलच्या मोटेलात खोल्या आवरायची, तिथलं निळं लेटरपॅड याच मापाचं. त्यावर ग्लेंडानं नऊ वर्षांत त्रेचाळीस पत्रं लिहिली. सगळी हॉलिस टॅकेटला.

हॉलिस टॅकेट वर्तमानपत्राच्या शुक्रवारच्या अंकात गाण्यांवर लिहायचा. मागच्या वसंतात वारला. त्याची बत्तीस खोकी इथं आली तेव्हा ग्लेंडानं ती जरा घाईनंच स्वतःकडे मागून घेतली. सहकारी म्हणाले, अनुभवी बाई आहे, घेऊ दे. अनुभवी बाई तीन आठवडे खोकी उघडते आहे आणि प्रत्येक खोक्यात आधी स्वतःला शोधते आहे, हे कुणाला सांगणार? माणसानं काहीही टाकलं नव्हतं. दंतवैद्याची चिठ्ठी, बाजाच्या पेटीचं गॅरंटी कार्ड, गीतकारांनी हॉटेलच्या मेन्यूमागं खरडलेली कडवी... पत्रांच्या ‘पी’ फाइलमध्ये पर्डी होता, प्रॅट होता, एक प्लंबरही होता. प्रुइट नव्हती.

आणि आज हे पान. टंकलेला मजकूर, एका म्हाताऱ्या गायकाबद्दल. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं – हा माणूस गात नाही. घरात कुणी आहे का, ते दारावर टकटक करून पाहतो.

वाक्य माझं आहे, ग्लेंडा मनात म्हणाली. एकोणीसशे नव्वदच्या फेब्रुवारीत, घरातला हीटर बंद पडलेला असताना, बोटांवर फुंकर घालत मी ते लिहिलं. त्यानं ते नाव न देता जसंच्या तसं उचललं आणि मला राग यायला हवा होता... मी ते कात्रण फ्रिजवर लावलं. पुढं दर शुक्रवारी स्वतःचं वाक्य शोधत त्याचा लेख वाचायची. त्यानं अकरा उत्तरं पाठवली. एकदा पुस्तकांच्या दुकानात तो सह्या देत होता, मी रांगेत उभी राहिले, सही घेतली, नाव विचारल्यावर आईचं सांगितलं.

म्हणजे माझं ते पत्र त्यानं या पानाला लावून ठेवलं होतं. इतका गंज दोन-चार वर्षांत धरत नाही; वीस तरी हवीत. वीस वर्षं ठेवलं. मग काढलं.

दुपारी हॉलिसची मुलगी ट्रिना शेवटचं खोकं घेऊन आली. सोबत टोमॅटोंची पिशवी.

“घ्या मिस ग्लेंडा, बागेतले आहेत. खोक्यात काय आहे ते मला विचारू नका. बाबांनी जन्मात एकच गोष्ट टाकली, माझ्या आईला. बाकी सगळं ठेवलं.”

“ते दिसतंय,” ग्लेंडा म्हणाली. “कुत्र्याच्या औषधाचं बिलसुद्धा आहे.”

“बिली. फार चावायचा. बाबांचं वाचून लोक चिडायचे तेवढे बिलीवर चिडले नाहीत.” ट्रिना खुर्चीत टेकली. “तरी तुमच्या कागदामुळं बरंच कमी झालं बरं का. तो तुमचा छापील कागद, काय पाठवा, काय नको. बाबांनी फ्रिजवर लावला होता. रोज एकेक ओळ वाचायचे आणि गॅरेजमध्ये जाऊन बसायचे. वाचकांची पत्रं नकोत, असं त्यात होतं ना? दोन पिशव्या भरून बाजूला काढली. एरवी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं.”

ग्लेंडानं टोमॅटोंची पिशवी टेबलावर ठेवली, मग खाली जमिनीवर ठेवली.

तो कागद तिनंच लिहिला होता, चौदा वर्षांपूर्वी. खाली नाव नाही. संस्थेच्या कागदावर नसतंच. सहावी सूचना: वाचकांची पत्रं नकोत, नमुन्यादाखल पाच पुरेत. वरिष्ठांनी तेव्हा शाबासकी दिली होती, मोजकं लिहिता म्हणून.

“त्या पिशव्या...” ती म्हणाली.

“आहेत अजून गॅरेजमध्ये, पेंटच्या डब्यांमागं. शनिवारी ट्रक येतोय, सगळं जाणार. का, हव्यात का?”

इथं ‘हो’ म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर, तिचा स्वतःचा संबंध निघाला म्हणून, ही खोकी दुसऱ्याच्या टेबलावर जाणार, आणि ट्रिनाच्या त्या हसऱ्या चेहऱ्यावर एक हिशेब सुरू होणार – आईला टाकलं ते कधी, आणि ही बाई लिहीत होती ते कधी. त्या हिशेबात सांगण्यासारखं काहीच नाही, आणि तेच तर सांगवणार नाही.

“नमुन्याची पाच आली आहेत,” ग्लेंडा म्हणाली. “तेवढी पुरेत.”

“वाटलंच मला. चला, पार्किंगची वेळ संपली.”

ती गेल्यावर ग्लेंडानं सूचीत नोंद केली: टंकलिखित मसुदा, तीन पानं. गंजाची खूण. जोडपत्र नाही. मग हात थांबला. पिशव्यांतली बाकीची पत्रं हॉलिसनं गठ्ठ्यानं उचलली असतील. पण हे एक गठ्ठ्यात नव्हतं. हे काढायला पान हातात घ्यावं लागलं असेल, गंजलेली क्लिप नखानं सोडवावी लागली असेल, आणि हे वाचकाचं की कुणाचं, ते ठरवायला – गॅरेजमधल्या थंडीत, चष्मा वर करून – पुन्हा एकदा वाचावं लागलं असेल. वाचलं. आणि ठरवलं.

की ठरवता आलं नाही म्हणून दुसरीकडेच कुठं ठेवलं...

आज गुरुवार. ट्रिनाचा नंबर खोक्याच्या झाकणावरच होता, मोठ्या अक्षरात. ग्लेंडानं फोन जवळ ओढला आणि त्यावर हात ठेवून ती बसून राहिली. दुसऱ्या हाताचं बोट त्या फिकट चौकोनावर हलकेच वाजत होतं, एकदा, पुन्हा एकदा, आणि ते आपलंच बोट आहे हे बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं.