कोड वापरलेलं पुस्तक

मित्रांनो, मी शरीरशास्त्राचं एक जुनं, जाडजूड पुस्तक आहे. ओहायोतल्या डेटन गावी, एका गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांशेजारी पडलेलो असतो.

कॉलेजच्या दुकानात मी कोरा करकरीत होतो. ब्रॅडी नावाच्या मुलाने मला घेतलं, पण क्वचितच उघडलं. वर्ष संपताच त्याने इंटरनेटवर माझी जाहिरात टाकली : ‘अगदी नव्यासारखं.’

ते वाचून वांडाने मला मागवलं. ती वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात चादरी धुऊन घड्या घालायची. नर्स व्हायचं म्हणून चाळिशीत कॉलेजात गेली होती. दुकानातल्या किमतीच्या पावपट पैशांत मी मिळालो, हे तिने कामावर सगळ्यांना सांगितलं.

तिच्याइतकं मला कोणीच वाचलं नाही. सँडविच खाताखाता ती शाईच्या पेनाने माझ्या ओळी अधोरेखित करी. संध्याकाळी आईचा, लोरेटाचा, हात धरून एकेका हाडाचं नाव म्हणे.

“माझी हाडं दुखतात तेवढं पुरे आहे,” लोरेटा म्हणायची. “त्यांची नावं कशाला हवीत गं?” पण हात मात्र काढून घेत नसे.

मग सरांनी सांगितलं, की गृहपाठ संगणकावरच द्यायचा आणि त्याची वेबसाइट उघडायला पुस्तकात छापलेला कोड लागेल. माझ्या पुठ्ठ्याच्या आत तो होता, पण ब्रॅडीने केव्हाच वापरला होता. तो एकदाच चालतो.

“पुस्तक तर तेच आहे ना, सर?” वांडाने विचारलं.

“तेच आहे. पण गृहपाठाशिवाय गुण देता येत नाहीत मला,” सर ओशाळून म्हणाले.

नुसता कोड घ्यायचा तर जवळपास नव्या पुस्तकाएवढे डॉलर पडत होते. मला परत पाठवावं, तर माझ्या पानापानावर तिची शाई. पगार झाला की कोड घेऊ, असं तिने ठरवलं, पण पगाराच्या आठवड्यातच गाडी बंद पडली आणि गाडीशिवाय कामावर जाता येईना. गृहपाठ राहत गेले. शेवटी ती विषयात नापास झाली आणि नर्सिंगच्या अभ्यासक्रमातली जागा गेली.

मग तिने मला विकायला काढलं. जाहिरातीत तिने लिहिलं : ‘पेनाच्या खुणा आहेत. कोड वापरलेला आहे.’

“कोडाचं कशाला लिहितेस? तू घेतलंस तेव्हा तुला कोणी सांगितलं होतं का?” लोरेटा म्हणाली.

“नव्हतं सांगितलं. म्हणूनच लिहितेय.”

कोणी विचारलं नाही. तिने किंमत उतरवली, पुन्हा उतरवली. तेवढ्यात माझी नवी आवृत्ती निघाली. दानात आलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानानेही, अभ्यासाची पुस्तकं घेत नाही, असं सांगितलं. मी गॅरेजमध्ये आलो.

इथे ओल आहे. परवा वांडा गाडीचा पाना शोधायला आली, तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला उघडलं. हृदयाच्या धड्याची पानं एकमेकांना चिकटली होती. ती नखाने हळूच सोडवू लागली, तर कागदच फाटला. तिने मला मिटलं आणि दिवा मालवून निघून गेली.

मित्रांनो, जुनी पुस्तकं जरूर घ्या. पण घेण्याआधी त्यातलं काय संपलंय ते विचारा आणि विकताना ते न विचारता सांगा. मला हे सांगता आलं असतं, तर ज्या दिवशी वांडाने माझं पार्सल हसत उघडलं, त्याच दिवशी सांगितलं असतं.