शुक्रवारचं उत्तर

बोटीच्या तिकिटांच्या कचेरीत टकटककाकांना खऱ्या नावाने कुणी हाक मारली असती, तर हे कोण गृहस्थ म्हणून त्यांनीच मागे वळून पाहिलं असतं. बावीस वर्षं एकच काम. सकाळी पावणेदहाला काळ्या स्क्रीनपुढे बसायचं आणि दोन बोटांनी हुकूम ठोकायचे. बुकिंग बंद. अर्धवट अडकलेली तिकिटं साफ. बुकिंग चालू. मशीन पाच, म्हणून पाच वेळा. कीबोर्डवरची अक्षरं पार पुसली गेली होती, त्यामुळे त्या खुर्चीवर बसायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती.

खुर्चीला धक्का लावला तो घरच्याच माणसाने. तीन महिन्यांपूर्वी काकांची सून याच कचेरीत प्रोग्रामर म्हणून लागली आणि तिने असा प्रोग्राम लिहिला, की तोच मशीनशी परस्पर बोलणार, माणसाने फक्त एक बटण दाबायचं. आज त्याची परीक्षा. जमलं तर सून नोकरीत कायम, आणि काका तळघरात, प्रवाशांच्या हरवलेल्या छत्र्या सांभाळायला.

"बाबा, रागावलात?" सुनेने हळूच विचारलं.

"छे. छत्र्या उलट बोलत नाहीत. आणि इथे सर म्हण."

कचेरीच्या प्रमुख मॅडमनी घड्याळ पाहिलं, सुनेने बटण दाबलं. काकांचा चष्मा पुसून होईस्तोवर चार मशीन आवरलीसुद्धा. पाचव्यावर घोडं अडलं.

पाचवं मशीन म्हातारं. त्याला प्रोग्रामची भाषा कळेना, म्हणून तिथे सुनेने जुगाड केला होता. प्रोग्रामच काकांसारखा हुकूम टाइप करायचा आणि येणारं उत्तर वाचायचा. 'बंद' असं उत्तर आलं की पुढचं काम. सोमवार ते गुरुवार तिने रोज तपासलं होतं. शुक्रवारी तिची मीटिंग असायची.

आज शुक्रवार. मशीनने उत्तर दिलं, 'बंद झालो बुवा. आता तरी चहा पाजशील?'

प्रोग्राम बिचारा गप्प. चहा पाजायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दहाला सात मिनिटं. खाली खिडक्यांपुढे रांग लागलेली.

"हे काय आहे?" मॅडमनी सुनेला विचारलं.

"मी तपासलं होतं, मॅडम. खरंच."

एका कंटाळवाण्या शुक्रवारी मशीनला हे बोलायला काकांनीच शिकवलं होतं. एकोणीस वर्षं ते दर शुक्रवारी एकटेच हसत आले होते. आता नुसतं तोंड मिटून बसायचं, की खुर्ची शाबूत.

सुनेचे कान लालबुंद झाले होते. ही पोरगी घरी सासूची नजर चुकवून त्यांना बिस्किटं पुरवते. डॉक्टरने बंद केलेली, क्रीमची.

"मॅडम," काका खाकरले, "तो चहा मी मागितलाय."

मग दोन बोटं अशी धावली की बघत राहावं. चहा पुसला, मशीनने शहाण्यासारखं 'बंद' म्हटलं, प्रोग्रामने उरलेलं काम उरकलं. दहाला दोन मिनिटं कमी असताना बुकिंग चालू.

"असे चावटपणे अजून किती पेरलेत?" मॅडमनी विचारलं.

काका बोटं मोजू लागले. उजवा हात संपला, डावा संपला, मग त्यांनी बुटांकडे पाहिलं.

"पुरे," मॅडम म्हणाल्या. त्यांना हसू दाबायला फाईल तोंडापुढे धरावी लागली. "छत्र्या राहू देत. सुनेशेजारी बसायचं आणि एकेक शोधून तिला लिहून द्यायचं. कितीही महिने लागोत. आणि तू कायम. पण इथून पुढे शुक्रवारीही तपासायचं."

पुढच्या शुक्रवारी सुनेने बटण दाबलं. पाचही मशीन सुतासारखी सरळ चालली आणि शेवटी स्क्रीनवर ओळ उमटली, 'बुकिंग चालू. सर, बिस्किटं दुसऱ्या कप्प्यात.'

काकांनी कप्पा उघडला. मॅडम आधीच दोन घेऊन गेल्या होत्या. प्रोग्रामचा अहवाल त्यांनाही जायचा.